पाठीतले पाणी, मांडीतले इंजेक्शन आणि न चुकवायची तारीख

रविवारची वंदना आटोपली होती. बोरीवली पूर्वेच्या एका वस्तीतल्या विहाराबाहेर लोक चपला शोधत होते. तेवढ्यात एका ताईने मला बाजूला घेतले.

"जयभीम ताई. तुम्ही आरोग्याचं लिहिता ना? एक विचारायचं होतं."

तिच्या सहा वर्षांच्या मुलीला रक्ताचा कर्करोग असल्याचे निदान होऊन तीन आठवडे झाले होते. उपचार सुरू झाल्यावर ताप उतरला, पायदुखी थांबली, पोरगी पुन्हा गल्लीत खेळायला लागली. ठरलेल्या दिवशी रुग्णालयात जाऊन मांडीत इंजेक्शन घ्यायचे, एवढे सगळ्यांच्या अंगवळणी पडले होते. पण आता गुरुवारी पाठीत सुई घालून पाणी काढायचे आणि तिथेच औषध सोडायचे, अशी तारीख मिळाली होती. दाखल असताना हे एकदा झाले होते, पण त्या गडबडीत घरात कुणाला नीट कळले नव्हते. आता कळले आणि वाद सुरू झाला. आजी म्हणत होती, "पाठीतलं पाणी काढलं की लेकरू लुळं पडतंय. नको मला ते." वडील नाक्यावर उभे राहून रोजंदारीचे काम मिळवणारे. गुरुवारी पुन्हा खाडा होणार होता.

ताईने मग तिचा प्रश्न विचारला. "मांडीतलं औषध अंगभर जातं म्हणतात. मग पाठीत कशाला टोचायचं? दोन्हींतलं एकच घेतलं तर नाही का चालणार?"

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. मांडीत किंवा शिरेत दिलेले औषध मेंदू आणि पाठीच्या कण्याभोवतीच्या पाण्यापर्यंत कसे पोहोचते, याचा शोध घेण्यात शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे घालवली आहेत. त्यातून मिळालेले उत्तर रुग्णालयाच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या प्रत्येक आई-बापाला माहीत असायला हवे, म्हणून या वेळचे पान त्यासाठी.

आजार नेमका कोणता?

लहान मुलांना होणाऱ्या कर्करोगांत सर्वांत जास्त आढळतो तो रक्ताचा कर्करोग, आणि त्यातही 'अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया' हा प्रकार. डॉक्टर त्याला थोडक्यात एएलएल म्हणतात. आपले रक्त हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे बोनमॅरोत तयार होते. तिथे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी अर्धवट वाढलेल्या अवस्थेतच बेसुमार वाढू लागतात. चांगल्या पेशींना जागा उरत नाही. म्हणून मूल पांढरेफटक पडते, ताप हटत नाही, अंगावर काळेनिळे डाग उठतात, हिरड्यांतून रक्त येते, हाडे दुखतात, मानेत-काखेत गाठी येतात.

हा आजार संसर्गाने होत नाही. नजर लागून, करणीने किंवा आईने गरोदरपणी काही खाल्ल्याने होत नाही. वर सांगितलेली लक्षणे दोन आठवडे रेंगाळली तर अंगारा-धुपारा न करता साधी रक्त तपासणी करून घ्यावी. कांदिवलीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुग्णालयात, ज्याला आपण शताब्दी म्हणतो, किंवा जवळच्या कुठल्याही पालिका रुग्णालयात ती होते. संशय आला तर पुढची दिशा तिथूनच मिळते.

आणि सर्वांत महत्त्वाचे, हा आजार बरा होतो. श्रीमंत देशांत दहापैकी साधारण नऊ मुले बरी होतात. आपल्याकडेही पूर्ण उपचार घेणारी बहुसंख्य मुले बरी होऊ शकतात. अट एकच, उपचार अर्धवट सोडायचा नाही. तो दोन ते अडीच वर्षे चालतो.

गिनीपिगच्या रक्तातून सापडलेले औषध

मांडीत किंवा शिरेत दिल्या जाणाऱ्या त्या इंजेक्शनचे नाव आहे ॲस्परॅजिनेज. ते इतर कर्करोगाच्या औषधांसारखे विष नाही. ते एक विकर आहे, म्हणजे एन्झाइम. लाळेतले विकर जसे भाकरीतल्या पिठाचे तुकडे करते, तसे हे विकर रक्तातल्या 'ॲस्परॅजिन' नावाच्या एका अमिनो आम्लाचे तुकडे करते.

ते सापडले अपघाताने. १९५३ साली अमेरिकेत जॉन किड नावाचे संशोधक उंदरांतल्या कर्करोगाच्या गाठींवर प्रयोग करत होते. त्यांना दिसले की गिनीपिगच्या रक्तातला पातळ भाग टोचला की काही गाठी विरघळतात. इतर प्राण्यांच्या रक्ताने तसे होत नव्हते. १९६१ साली जॉन ब्रूम यांनी कारण शोधले. गिनीपिगच्या रक्तात हे विकर असते. गिनीपिगपासून मिळून मिळणार किती? पण पुढे १९६४ साली हेच विकर आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई-कोलाय या जिवाणूतही सापडले आणि औषध म्हणून ते बनवण्याचा रस्ता मोकळा झाला.

हे विकर कर्करोगाच्या पेशीला मारते कसे? प्रत्येक पेशीला प्रथिने बनवायला ॲस्परॅजिन लागते. शरीराच्या बहुतेक चांगल्या पेशी ते स्वतः बनवतात. एएलएलच्या पेशींना ते पुरेसे बनवता येत नाही. त्यांना बाहेरून, रक्तातून, आयते घ्यावे लागते. औषधाने रक्तातले ॲस्परॅजिन संपवले की चांगल्या पेशी घरचे खाऊन तगतात आणि रोगट पेशी उपाशी मरतात.

दोन पिंपांचा हिशेब

आता पाठीतल्या पाण्याकडे येऊ. आपला मेंदू आणि पाठीच्या कण्यातून जाणारी मज्जारज्जू एका स्वच्छ, पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतात. डॉक्टर त्याला सीएसएफ म्हणतात. मोठ्या माणसात हे पाणी साधारण १५० मिलिलिटर असते, म्हणजे चहाच्या छोट्या कपाएवढे. पण शरीर दिवसाला जवळपास अर्धा लिटर नवे पाणी बनवते आणि जुने रक्तात परत जाते. म्हणजे हे पाणी दिवसातून तीन-चार वेळा बदलते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

रक्त आणि हे पाणी यांच्यामध्ये निसर्गाने एक कडक पहारा ठेवला आहे. रक्तातले काहीही सहजासहजी मेंदूकडे जाऊ नये म्हणून. हा पहारा आपल्या भल्यासाठी असला तरी कर्करोगाच्या उपचारात तो आडवा येतो. बरीच औषधे त्यापलीकडे पुरेशी जात नाहीत. रोगट पेशी मात्र तिथे जाऊन लपतात.

ॲस्परॅजिनेज हा तर खूप मोठा रेणू. तो ज्याचे तुकडे करतो त्या ॲस्परॅजिनच्या रेणूपेक्षा वजनाने सुमारे हजार पट. त्याला पहाऱ्यातून आत शिरता येत नाही. मग तो पाठीतल्या पाण्यात काही करतो की नाही?

करतो, पण आत न शिरता. आपल्या वस्तीतल्या घरात पाण्याची दोन पिंपे असतात असे समजा. एक दाराबाहेर, एक आत. दोन्ही खालून एका बारीक नळीने जोडलेली. बाहेरच्या पिंपातले पाणी उपसले की आतल्या पिंपाची पातळीही हळूहळू खाली जाते. उपसणारी बादली नळीतून आत जात नाही, पण पाणी बाहेर येते. बाहेरचे पिंप म्हणजे रक्त, आतले पिंप म्हणजे मेंदू-मणक्यातले पाणी, बादली म्हणजे औषध आणि पिंपातले पाणी म्हणजे रोगट पेशींचे खाद्य ॲस्परॅजिन. औषध रक्तातले ॲस्परॅजिन संपवते. पाठीतले पाणी सतत नवे बनते आणि जुने रक्तात जाते, म्हणून तिथलेही ॲस्परॅजिन घटत जाते.

हे नुसते तर्काने सांगितलेले नाही. १९८१ साली अमेरिकी संशोधकांनी माकडे आणि माणसे या दोघांच्याही पाठीतले पाणी तपासून पाहिले. औषध शिरेत दिले होते. पाठीतल्या पाण्यात औषध जवळजवळ नव्हतेच, तरी तिथले ॲस्परॅजिन मात्र उतरले होते. पुढे अमेरिकेत आणि युरोपात एएलएल झालेल्या मुलांच्या पाण्याचे असेच मोजमाप झाले आणि मुख्य गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. मांडीत दिलेले औषध पाठीतल्या पाण्यातले खाद्य कमी करते.

पण त्याच अभ्यासांनी आणखी दोन गोष्टी दाखवल्या, आणि ताईच्या प्रश्नाचे खरे उत्तर त्यांतच आहे.

पहिली, प्रत्येक मुलात आतले पिंप तळापर्यंत रिकामे होत नाही. काही मुलांत रक्तातले ॲस्परॅजिन संपलेले असते, तरी पाठीतल्या पाण्यात थोडे उरते.

दुसरी, औषधाचा जोर ओसरला की पाणी पुन्हा चढते. कारण बाहेरच्या पिंपावरचा नळ कधी बंद होत नाही. आपले शरीर दिवसरात्र ॲस्परॅजिन बनवत असते. उपसा थांबला की काही दिवसांत दोन्ही पिंपे भरतात.

म्हणून पाठीत सुई

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला एएलएल झालेली मुले औषधांनी ठणठणीत झाल्यासारखी दिसायची. रक्त स्वच्छ, मगज स्वच्छ. मग काही महिन्यांनी डोके दुखायचे, उलट्या व्हायच्या, एकाचे दोन दिसायचे. आजार मेंदूकडून परत आलेला असायचा. पहाऱ्यापलीकडे लपलेल्या पेशी मेल्याच नव्हत्या. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात डॉ. डोनाल्ड पिंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदू आणि मणक्याचा उपचार आजार दिसायच्या आधीच करायचा, असे ठरवले. त्यानंतर प्रथमच निम्म्या मुलांपर्यंत बरे होण्याचे प्रमाण गेले. आज जगभर प्रत्येक एएलएलच्या मुलाला पाठीतल्या पाण्यात थेट औषध दिले जाते. ते मुख्यतः मेथोट्रेक्सेट असते. रुग्णालयात त्याला 'आयटी' म्हणतात.

म्हणजे मांडीतले इंजेक्शन रोगट पेशींचे अन्न तोडते, आणि पाठीतले औषध तिथे लपलेल्यांवर थेट घाव घालते. एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

आता आजीच्या भीतीबद्दल. ही भीती हसण्यावारी नेऊ नये. पाठीचा कणा म्हटले की कुणालाही धास्ती वाटते. पण सुई कुठे जाते ते पाहा. मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच संपते. सुई त्याच्या खाली, कमरेच्या खालच्या दोन मणक्यांमधल्या फटीत घालतात. तिथे मज्जारज्जू नसतेच. असतात ते पाण्यात सैल सुटलेले मज्जातंतू, जे सुई आली की बाजूला सरकतात. पाणी काढतात ते काही मिलिलिटर, म्हणजे एखादा चमचा. शरीर तेवढे थोड्याच वेळात पुन्हा बनवते. प्लेटलेट फार कमी असतील तर आधी त्या चढवतात, म्हणजे रक्तस्रावाचा धोका टळतो. सुईनंतर काही वेळ आडवे ठेवतात. काही मुलांचे एक-दोन दिवस डोके किंवा कंबर दुखते, ते बहुधा आपोआप थांबते.

मग गावाकडचे ते मूल लुळे का पडले असेल? आजीने पाहिले ते खोटे नसेल. पण ज्या मुलांच्या पाठीतले पाणी काढावे लागते, ती आधीच मेंदूज्वर किंवा अशाच मोठ्या आजाराने बेजार असतात. अपंगत्व त्या आजाराने येते आणि दोष सुईला लागतो. तरीही सुईनंतर पाय बधिर वाटले, लघवी अडली, ताप आला किंवा डोकेदुखी वाढत गेली तर ताबडतोब रुग्णालयात कळवावे.

तारीख का चुकवायची नाही

नळ चालू असताना पिंप रिकामे ठेवायचे असेल तर उपसत राहावे लागते. या औषधाच्या तारखा त्या हिशेबाने ठरतात. ई-कोलायपासून बनवलेले साधे औषध सुमारे सव्वा दिवसात निम्मे होते. त्याच औषधाला दुसरा रेणू जोडून बनवलेले 'पेग' औषध निम्मे व्हायला साडेपाच-सहा दिवस घेते, म्हणून ते कमी वेळा द्यावे लागते. भाज्या कुजवणाऱ्या अर्विनिया नावाच्या जिवाणूपासून बनवलेले तिसरे औषध तर सोळा-एक तासांतच निम्मे होते. पहिल्या औषधाची ॲलर्जी आली तर ते वापरतात. म्हणून शेजारच्या मुलाला पंधरा दिवसांनी बोलावतात आणि आपल्याला दिवसाआड का, याचा राग धरू नका. औषधे वेगळी असतात.

यातला आपल्या मुंबईचा वाटा मोठा आहे. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. १९८४मध्ये तिथे एएलएलच्या मुलांसाठी 'एमसीपी ८४१' नावाची उपचारपद्धती सुरू झाली. दिल्लीचे एम्स आणि चेन्नईचे कर्करोग रुग्णालय यांनीही तीच वापरली. या कामात टाटामधले डॉ. सुरेश अडवाणी होते. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे ते चाकाच्या खुर्चीवरून रुग्ण तपासतात. त्या पद्धतीत पहिल्या टप्प्यात ॲस्परॅजिनेजची दहा इंजेक्शने दिवसाआड आणि सोबत पाठीत मेथोट्रेक्सेट असे. आपल्या देशाला परवडेल अशा त्या उपचाराने बऱ्या होणाऱ्या मुलांचे प्रमाण पूर्वीपेक्षा कितीतरी वाढले.

दिवसाआड दहा इंजेक्शने म्हणजे काय, हे बोरीवलीहून परळला मूल कडेवर घेऊन गेलेल्या आईला विचारावे. सकाळची लोकल, दादरची गर्दी, रांग, परतीची लोकल आणि बुडालेली दहा दिवसांची मजुरी. मूल खेळायला लागले की याच वळणावर घरातले म्हणतात, "आता बरी आहे की, पुढच्या आठवड्यात जाऊ." पण खेळणारे मूल म्हणजे बरे झालेले मूल नव्हे. पहिल्या महिन्यात रोगट पेशी इतक्या कमी होतात की साध्या तपासणीत दिसत नाहीत. पण त्या असतात. मधली तारीख चुकली की त्यांचे अन्न परत येते.

औषध वाया जाते तेव्हा

हे औषध जिवाणूचे आहे, आपल्या शरीराला परके. काही मुलांचे शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवते. कधी अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वास लागतो. म्हणून इंजेक्शननंतर किमान तासभर रुग्णालयातच थांबायला सांगतात. लोकल चुकेल म्हणून लगेच निघू नका.

कधी बाहेरून काहीच दिसत नाही, पण आत औषध निष्प्रभ होते. मेम्फिसच्याच संशोधकांनी २०१२ साली दाखवले की ज्या मुलांत अशी प्रतिपिंडे तयार झाली, त्यांच्यात मेंदूकडून आजार परतण्याचा धोका जास्त होता. रक्तातला औषधाचा जोर मोजण्याची चाचणी असते. ॲलर्जीची शंका आली किंवा औषधाची कंपनी बदलली तर "जोर मोजायची गरज आहे का?" असे डॉक्टरांना विचारायला संकोच करू नका. आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या या औषधाच्या सगळ्याच बाटल्यांचा जोर सारखा नसतो, हे इथल्याच रुग्णालयांच्या तपासण्यांतून पुढे आले आहे. म्हणून औषध बाहेरून आणायला सांगितले तर लिहून दिलेल्या कंपनीचेच, पक्के बिल घेऊन आणावे आणि रिकाम्या बाटलीवरचा बॅच क्रमांक वहीत उतरवून ठेवावा.

बाटली थंड राहावी लागते, २ ते ८ अंशांत. ज्या घरात फ्रीज नाही, वीज जाते, तिथे ती ठेवू नये. दुकानातून बर्फाच्या डब्यात घालून थेट रुग्णालयात द्यावी.

या औषधात सुधारणा करण्याचे काम आपल्याकडेही चालू आहे. टाटाच्याच खारघरमधल्या ॲक्ट्रेक संस्थेतले डॉ. विक्रम गोटा आणि इंदूरच्या आयआयटीतले प्रा. अविनाश सोनवणे यांनी या विकरात बदल करून कमी दुष्परिणामांचे रूप घडवण्यावर काम केले आहे.

घरी काय पाहायचे

ही यादी कापून भिंतीवर लावा. पुढच्यापैकी काहीही दिसले तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

पोटात जोराची कळ, ती पाठीकडे जाते आणि उलट्या होतात. हे स्वादुपिंडाला सूज आल्याचे लक्षण असू शकते. 'ॲसिडिटी असेल' म्हणून सोडा पाजू नका.

सतत वाढणारी डोकेदुखी, झटका, एका बाजूचा हातपाय न हलणे, मूल गुंगीत जाणे. या औषधाने रक्त गोठण्याचे संतुलन बिघडते आणि मेंदूच्या शिरेत गुठळी होऊ शकते.

खूप तहान, सारखी लघवी. रक्तातली साखर वाढलेली असू शकते.

डोळे पिवळे होणे. यकृतावर ताण आल्याची ती खूण असू शकते.

ताप. थर्मामीटरवर ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट दिसले की मध्यरात्र असली तरी निघा. या मुलांची प्रतिकारशक्ती तळाला गेलेली असते. थर्मामीटर नसेल तर आजच घ्या.

आहाराबद्दल एक गैरसमज. ॲस्परॅजिन हे नाव ॲस्परॅगस या शतावरीच्या कुळातल्या भाजीवरून पडले. १८०६ साली फ्रान्समध्ये ते त्या भाजीच्या रसातून वेगळे काढले गेले. म्हणून कुणी शतावरीचा काढा द्या म्हणेल, कुणी डाळ-अंडी बंद करा म्हणेल. दोन्ही ऐकू नका. शरीर ॲस्परॅजिन स्वतः बनवते, त्यामुळे मुलाला उपाशी ठेवून पेशी उपाशी मरत नाहीत, मूल मात्र खंगते. घरचे ताजे, नीट शिजवलेले वरण-भात, भाजी-भाकरी, अंडे आणि उकळून गार केलेले पाणी द्यावे. डॉक्टरांनी तेल-तुपाचे पथ्य सांगितले असेल तर पाळावे. काढा, भस्म, पुडी मात्र त्यांना न विचारता देऊ नये.

कुठे जायचे, पैसा कुठून

बोरीवली पूर्वेलाच मुंबई महापालिकेचे थॅलेसेमिया, मुलांचे रक्तविकार व कर्करोग आणि बोनमॅरो प्रत्यारोपण यांचे केंद्र आहे. त्याच्या उभारणीशी डॉ. ममता मंगलानी यांचे नाव जोडलेले आहे. परळला टाटा आणि मुलांचे वाडिया रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. योजनेत असलेल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो, त्याला रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन भेटावे. समाजसेवा विभाग हा प्रत्येक मोठ्या रुग्णालयात असतो. तिथे मदत मागणे म्हणजे भीक मागणे नव्हे, तो आपला हक्क आहे. लोकलमधल्या दिव्यांगांच्या डब्यातून कर्करुग्णाला जाता येते, रुग्णालयाचे कागद जवळ ठेवावेत. गावाकडून येणाऱ्या नातेवाइकांच्या मुलासाठी सेंट ज्यूड संस्थेची मोफत निवासकेंद्रे आणि दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे.

टाटा रुग्णालयात एके काळी जवळपास पाचांपैकी एक मूल उपचार मध्येच सोडून जात असे. राहणे, खाणे, औषध आणि समजावून सांगणारे माणूस यांची सोय झाली तेव्हा हे प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली आले. औषध तेच होते. बदलला तो त्याभोवतीचा आधार.

आणि एक बोचणारी गोष्ट. आपल्या देशातल्या कर्करोग रुग्णालयांत मुलग्यांपेक्षा मुली बऱ्याच कमी येतात. आजार मुलींना कमी होतो म्हणून एवढा फरक पडत नाही. मुलीसाठी कर्ज काढायला, रोज बुडवायला घरे कचरतात. आपल्या वस्तीत तरी असे होऊ नये.

त्या रविवारी ताईला मी हे सगळे एका दमात सांगितले नाही. पिंपांचे सांगितले आणि सुई मज्जारज्जूच्या खाली जाते ते सांगितले. आजी शेजारीच उभी होती. तिने विचारले, "म्हंजी दोन्ही लागतंय?" मी म्हणाले, "हो आजी, दोन्ही लागतं, आणि वेळेवर लागतं."

महिला मंडळाच्या दोघीजणींनी तिथेच ठरवले. धाकट्याला गुरुवारी कोण सांभाळणार, दवाखान्यात सोबत कोण जाणार, म्हणजे बापाचा रोज बुडणार नाही. विहारातल्या फळ्यावर कार्यक्रमांच्या तारखा लिहितात, त्याच्या कोपऱ्यात एकीने खडूने लिहिले, 'गुरुवार, सकाळी ७'. मुलीचे नाव लिहिले नाही. ज्यांना माहीत हवे होते त्यांना ते माहीत होते.

त्या गुरुवारी ती गेली. उपचार अजून बराच बाकी आहे. फळ्यावरची तारीख दर वेळी पुसून नवी लिहिली जाते.